चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही

बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज मला राग काढायचाय आणि तो तुमच्यावरच काढणार आहे, कारण जे जिवंत आहेत त्यांच्यावर काढला तर आधी चौकशी लागेल, मग लांब कुठंतरी बदली होईल, आणि तेवढा दम माझ्यात नाही हे मला आता कळून चुकलंय. तुम्ही ऐकून घ्या. वर्गात तुम्ही कुणाचं ऐकून घेतलं नाहीत, आता घ्या.

मी विज्ञान शिकवते, तुमच्यासारखंच. पारगावच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, नाव लिहीत नाही. हंगाम सुरू झाला की शाळेसमोरून दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरगाड्या जातात, त्यावरची गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की गाडी जाईपर्यंत मला फळ्याकडं तोंड करून गप उभं राहावं लागतं. पट लहान, शिक्षक कमी. म्हणून आठवी-नववीचा जीवनकौशल्याचा तास आणि त्यातलं एचआयव्हीचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. घोडेगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, पण शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं कांदा-बटाटा म्हणावं तशी सरळ घेत होती. आणि आमचे गुरुजन? कुणी पंख्याकडं बघतंय, कुणी खाली मान घालून खुदूखुदू हसतंय. माझ्या शेजारच्या सरांनी हात वर करून विचारलं, ‘हे सगळं पोरांना आत्तापासून कशाला?’ तेच सर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जे बघून दात काढत होते, ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शी!

पण मी हसणाऱ्यांना नावं ठेवताना तुम्ही आठवता, आणि तुमच्यावरचा राग वर येतो. तुम्ही नुसत्या हसला असता तरी चाललं असतं. जुन्नरला आमच्या आळीत एक ट्रक ड्रायव्हर होता. माणूस वाळत वाळत गेला आणि एक दिवस संपला. त्याची गादी-गोधडी कुकडीच्या काठाला नेऊन जाळली, बायकोला माहेरी धाडली. माझी आई त्यांच्याकडं कालवणाची वाटी द्यायची-घ्यायची. तो गेल्यावर आईनं ती वाटी तीनदा उकळली आणि तरी फडताळात मागं सारून ठेवली. मी हे सगळं बघत होते. त्याच महिन्यात तुम्ही प्रजननाच्या धड्यापाशी आलात. मुलांना खो-खो खेळायला मैदानावर पिटाळलंत, आम्हा मुलींना दोन वाक्यं सांगितलीत आणि म्हणालात, ‘बाकीचं घरी वाचा.’ मी हात वर केला. विचारलं, ‘बाई, आमच्या आळीतल्या ड्रायव्हरला झाला तो रोग वाटीतून होतो का?’ तुमचा चेहरा मला अजून दिसतो. ‘हात खाली कर. चांगल्या घरच्या मुली असलं विचारत नाहीत.’ सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघतोय आणि माझा हात वरच राहिलाय, खाली घ्यायचं सुचत नाहीये. बाई, त्यानंतर वर्षभर मी रोज सकाळी उठल्याबरोबर आईचा चेहरा बघायची, ती वाळली का म्हणून. एक वर्ष. तुम्ही ‘नाही गं, वाटीतून नाही होत’ एवढं म्हणाला असता तर संपलं असतं.

आणि स्वतःच्या बाबतीत तरी काय केलंत? छातीतली गाठ दोन वर्षं पदराखाली दाबून ठेवलीत. तुमच्या सूनबाईंनी मला दहाव्याला सांगितलं, म्हणाल्या, ‘कुणाला कळू दिलं नाही हो, शब्द तोंडातून निघेना त्यांच्या.’ पेशीचे भाग आम्हाला झोपेत म्हणायला लावणाऱ्या बाई तुम्ही! मी दहाव्याहून बसनं परत येताना रडले की चिडले ते मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

तुमचं एक मात्र मी जसंच्या तसं उचललं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वह्यांचा गठ्ठा घेऊन मी तुमच्या मागोमाग तुमच्या घरी यायची. तुम्ही चुलीपाशी भाकरी थापायच्या आणि मी वहीवरचं नाव हातानं झाकून पान तुमच्यासमोर धरायची. तुम्ही परातीतून मान वर करून एक नजर टाकायच्या. ‘ही वाण्याची. हिचा ण बघ कसा लंगडतोय.’ ‘हा तो मागच्या बाकावरचा, शब्द संपायच्या आत रेघ संपते त्याची.’ एकदाही चुकला नाहीत. मग मलाही नाद लागला. पुढं मी ओळखायला लागले तसं तुम्ही भाकरी उलटता उलटता हसून म्हणायच्या, ‘झालीस की गं मास्तरीण!’ आयुष्यात मला एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. मी शिक्षिका झाल्यावर पहिल्या आठवड्यापासून माझ्या वर्गाची अक्षरं पाठ करत आले. स्टाफरूममध्ये माझी ती ख्यातीच आहे. नाव नसलेला पेपर सापडला की माझ्याकडं आणतात.

आता काय झालं ते ऐका.

एक डिसेंबरला प्रभातफेरी निघाली. पोरांच्या छातीला लाल फिती, हातात फलक. आमच्या मुख्याध्यापकांनी चावडीपुढं भाषण ठोकलं, रोगाशी लढा, रोग्याशी नाही, वगैरे. सतरा बाजूंनी फोटो काढले, ते वर पाठवले, अहवाल झाला. मी मात्र मनापासून कामाला लागले होते. चपलांच्या खोक्याला रंगीत कागद लावला, वर चीर पाडली आणि आठवीच्या वर्गात ठेवला. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं. ‘तुम्हाला जे जे विचारायचंय ते चिठ्ठीवर लिहा आणि यात टाका. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. कुणी विचारलंय ते कुणालाही कळणार नाही, हा माझा शब्द.’ असं मी म्हणाले. आणि बाई, मला तेव्हा एक क्षणभरही वाटलं नाही, की ज्या शाळेत पोरांची अक्षरं बाईंना तोंडपाठ आहेत तिथं बिननावाची चिठ्ठी असं काही नसतंच. एवढी शिकलेली बाई मी, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

चार दिवसांत खोका भरला. उत्तरं द्यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. खोका त्यांच्या टेबलावर, उघडलेला. ‘जरा बघून घेऊ म्हटलं, भलतंसलतं निघायला नको.’ शिपायानं चहा आणला. ते चिठ्ठ्या उलगडत होते आणि दोन ढीग लावत होते, चालेल आणि चालणार नाही. चालणार नाहीचा ढीग फुगत चालला होता. मी वाद घालायच्या तयारीत बसले होते. तेवढ्यात त्यांनी एक चिठ्ठी माझ्यापुढं धरली. ‘म्याडम, हे अक्षर कुणाचं ओ?’

मी एक नजर टाकली. क चं पोट बंद, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ आणि ती पट्टीनं मारल्यासारखी सरळ. मी नाव सांगितलं. लगेच, न अडखळता, वर थोडं हसून. तुमच्या स्वयंपाकघरात सांगायची तसं.

मजकूर मी त्यानंतर वाचला. ‘माझ्या आईला एचआयव्ही आहे. म्हणून ती मला जवळ घेत नाही. जवळ घेतलं तर मला होतं का?’

मुख्याध्यापक साहेब म्हणाले, ‘अरे बापरे,’ आणि चिठ्ठी खाली टाकून बोटं पँटीला पुसली. कागदावरून, बाई! एमए बीएड माणूस, चार दिवसांपूर्वी चावडीपुढं भाषण केलेला. मी म्हटलं, ‘सर, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. कायद्यानं गुन्हा आहे.’ ‘मी कशाला कुणाला सांगतोय?’ ते म्हणाले. ‘पण म्याडम, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये एकालाही सांगायचं बाकी राहिलं नव्हतं.

तास झाला. खोक्यात चारच चिठ्ठ्या उरलेल्या. एड्सचं पूर्ण रूप काय, जागतिक दिन कधी असतो, असल्या. साहेब मागं खुर्ची टाकून बसलेले. ती चिठ्ठीवाली मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. मी चिठ्ठी काढली की ती ताठ व्हायची, वाचली की सैल पडायची. चौथी संपल्यावर ती अर्धवट उठून खोक्यात डोकावली. जवळ घेतल्यानं होत नाही, हे एवढंसं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण साहेब मागून तिच्याकडंच टक लावून बघत होते, आणि मला वाटलं मी हे बोलले की सगळा वर्ग त्यांच्या नजरेचा माग काढत तिच्यापर्यंत जाईल. म्हणून मी गप्प बसले. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला त्या माणसाची भीती वाटली. तास संपला, पोरं बाहेर पळाली. ती सगळ्यात शेवटी गेली.

पुढचं लिहितानाही शिसारी येते. साहेबांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती मंचरला एका शेठच्या कापडदुकानात कामाला आहे. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली, त्याच्याकडूनच तिला झालेलं. ती स्वच्छ इस्त्रीची साडी नेसून आली, खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. साहेब म्हणतात, ‘मुलीचा रिपोर्ट आणून द्या.’ ती म्हणाली, ‘तिची तपासणी झालीया सर, तिला काय न्हाई. मी सोता गोळ्या घेते, एक दिस चुकवत न्हाई.’ ‘ते लेखी द्या.’ ती ‘बरं’ म्हणून उठली. तिची पाठ दाराआड जाते न जाते तोच साहेबांनी कपाटातून कोरोनातली सॅनिटायझरची बाटली काढली आणि शिपायाला खुर्ची पुसायला लावली. ती अजून व्हरांड्यात होती, बाई. फुसफुस तिला ऐकू गेली असणार. मी काय केलं विचाराल? हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.

मग ताटल्यांचं निघालं. शाळेत खिचडीसाठी स्टीलच्या ताटल्या आहेत, कुणीही कुठलीही घेतं. एका दुपारी मी बघितलं, खिचडी वाढणाऱ्या बाईनं त्या मुलीच्या हातात ठरावीक ताटली काढून दिली. जेवण झाल्यावर ताटली घासताना मुलीनं ती उलटी केली आणि तशीच बघत राहिली. मागं लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तिनं नखानं खरवडून बघितला, निघाला नाही. मग ताटली नीट पुसून ढिगावर ठेवली, दप्तर घेतलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत नाही. मी स्वयंपाकीण बाईला धरलं. ती माझ्यावरच चिडली. ‘आमच्यावर का डाफरता म्याडम? आमाला वरनं सांगितलं. आमाला बी पोरंबाळं हायेत.’ आणि नेलपॉलिश कुणाचं? माझ्या सहकारी बाईंचं, ज्यांनी एक डिसेंबरला मोबाईलवर लाल फितीचं स्टेटस ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, ‘खबरदारी घ्यायला काय हरकत आहे?’ चांगल्या घरच्या आहेत हो त्या. अगदी तुम्हाला आवडल्या असत्या.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मंचरहून तसल्याच रंगाची बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी एकूण एक ताटलीमागं ठिपका लावला. शिपाई बघतच राहिला. ‘म्याडम, ह्ये काय?’ ‘खबरदारी,’ म्हटलं. माझ्या डब्याच्या बुडालाही एक लावला आणि तो डबा त्या बाईंच्या पुढ्यात आपटून उघडला. पण जिच्यासाठी केलं ती बघायला नव्हती, आणि कोरड्या ठिपक्यांनी तिच्या प्रश्नाचं उत्तर काही होत नव्हतं.

नऊ दिवस ती आली नाही. रविवारी मी गेले. निरगुडसरच्या बाजूला वळलं की वस्ती लागते, तिथं एका खोलीत दोघी राहतात. खोली अशी लख्ख की मला पाय ठेवायला लाज वाटली. आईनं सतरंजी टाकली. मुलगी भिंतीला टेकून उभी, माझ्याकडं बघेना. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर पुन्हा धीर गेला असता. ‘जवळ घेतल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. कुशीत घेऊन झोपलं तरी होत नाही. मुका घेतला तरी होत नाही. मी विज्ञानाची बाई म्हणून सांगते, आणि हे तुला वर्गातच सांगायला पाहिजे होतं.’

आई म्हणाली, ‘डाक्टर बी ह्येच सांगत्यात बाई. मला समजतंय. पण हिचे वडील गेले तवा सासूनं पोरीला माझ्या मांडीवरनं वढून घेतली व्हती. म्हनली, हिला बी मारायचीय का? तवापास्नं हात पुढं जात न्हाई माझा. भ्या वाटतं.’

‘म्हणून मी विचारलं,’ मुलगी पहिल्यांदा बोलली. ‘शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर आईला खरं वाटलं असतं.’

तर तिला माहिती नव्हती हवी, बाई. तिला माहीत होतं. तिला शाळेची साक्ष हवी होती, घरी नेऊन आईला दाखवायला. आईनं हात लांब केला आणि तापल्या तव्याला लावावा तसा तिच्या वेणीवर ठेवला. मग काढला नाही. मी दुसरीकडं बघत बसले. थोड्या वेळानं आई डोळे पुसत म्हणाली, ‘सरांनी दुकानात फोन करून शेठला बी सांगितलं, म्हाईतीय का? शेठ म्हनले, मला सहा वर्सं ठावं हाय, तुमी शाळा बघा, दुकान मी बघतो.’ तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून येऊन कापड विकायला बसलेल्या घरातला माणूस. आम्ही दोन-दोन पदव्यांचे, महिन्याला प्रशिक्षणं घेणारे. थू आमच्यावर!

चहा झाला. मी निघायच्या बेतात असताना मुलीनं विचारलं, ‘बाई, मी चिठ्ठीवर नाव नव्हतं लिहिलं. सरांना कसं कळलं?’

मी म्हणाले, ‘सरांनी अक्षर ओळखलं असेल.’

‘त्यांना काय पोरींची अक्षरं ठावं!’ आई म्हणाली. ‘कुनीतरी चुगली केली. जाऊद्या. तुमी तेवढ्या आमच्या बाजूच्या.’

मी हो म्हणून मान हलवली, बाई. हलवली.

सोमवारी ती आली. त्यालाही आता दोन महिने होत आले. ठिपक्यांच्या ताटल्या सगळे घेतात, पोरांनी तर त्याचा खेळ केलाय. साहेबांनी रिपोर्टचा विषय पुन्हा काढला नाही. शेठचा एक नातेवाईक शाळा समितीवर आहे हे त्यांना उशिरा आठवलं म्हणे. तर तशी घडी बसलीय. फक्त चाचणीचे पेपर तपासताना एक पेपर हातात आला, अक्षर उजवीकडं कललेलं, शब्दांवर रेघच नाही, क उघडा. वर नाव तिचं. अख्ख्या वर्षाचं घोटीव अक्षर पोरीनं मोडून टाकलंय, पुन्हा कुणी ओळखू नये म्हणून. दहापैकी नऊ दिले. लाल शाईनं खाली ‘अक्षर सुधार’ असं लिहिण्याची सवय आहे माझी, ते लिहिलं नाही.

आणि काल मी तासाला जात होते. वर्गाच्या दाराशी पोचले तर आत ती दुसऱ्या एका मुलीला हळू आवाजात सांगत होती. त्या मुलीचं काहीतरी अडलंय, काय ते मला अजून माहीत नाही. ही म्हणत होती, ‘चिठ्ठी नको टाकू. बाईंना जाऊन विचार. त्या कुणाला सांगत न्हाईत.’

मी दाराबाहेर थांबले. तुम्ही मला हात खाली कर म्हणालात, पण खोटं बोलला नाहीत. मी तुमच्याहून बरी आहे असं इतकी वर्षं समजत होते. तुम्हाला हे पत्र लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. वाचायला पाहिजे ती आठवीत दुसऱ्या बाकावर बसते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. काल मी आत गेले आणि हजेरी घेतली.